अक्षरावरची रेघ

टॅटूवालीने पत्रावर पारदर्शक कागद ठेवला, पेन्सिल टेकवली आणि पुन्हा उचलली.

"ताई, आईंच्या हातचं आणखी काही आहे का?"

गोंदवून घ्यायला आलेल्या तिच्या पर्समध्ये आईची एक जुनी यादी होती : साबण, पांढरा दोरा, दोन बटणं. ती तिने काढून दिली. मनगटावर गोंदायची ओळ मात्र कधीच ठरली होती. आई गेली त्याच्या पंधरा दिवस आधी आलेल्या पत्रातली : 'मी बरी आहे. यायची घाई करू नकोस.' आईला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून पत्रं. त्या ओळीवर विसंबून ती महिनाअखेरच्या रजेची वाट पाहत राहिली, आणि पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईच थांब म्हणाली होती बिचारी, एवढाच काय तो आधार.

शेजारच्या खुर्चीत दादा तिचा संमतीचा फॉर्म भरत होता. जन्मतारीख, रक्तगट, काही विचारायची गरज नव्हती. फॉर्म दिसला की तिला घाम फुटायचा, त्यामुळे शाळेपासून तिचे कागद त्याच्याचकडे असत.

टॅटूवालीने दोन्ही कागद दिव्याखाली धरले. लिहिणाऱ्याचा हात फिरला तशीच सुई फिरवावी लागते, नाहीतर अक्षर निर्जीव दिसतं, असं ती सांगत होती. यादीतल्या शब्दांवरची रेघ डावीकडून निघाली होती. आधी शाईचा ठिपका, मग बारीक होत गेलेली. पत्रातली उजवीकडून निघालेली, आणि ओली शाई तळव्याने पुसली गेलेली.

"हे पत्र डावखुऱ्या माणसाचं आहे," टॅटूवाली म्हणाली.

तिने दादाकडे पाहिलं. फॉर्मवर तिचं आडनाव लिहून झालं होतं आणि त्याचा डावा हात वरची रेघ उजवीकडून ओढत होता. तो अर्ध्यावर थांबला.

दोघा भावंडांचं अक्षर आईनेच गिरवून घेतलेलं, तेव्हा ते आईसारखं असणारच. पत्रातला थोडाफार फरक आजारपणाचा, असं तिने धरलं होतं.

"दादा?"

पेनाला टोपण लावत तो म्हणाला, "दोन वर्षं सगळं मी केलं. तिच्या तोंडी मात्र तूच. शेवटचे दिवस तरी मला हवे होते."

"तिने बोलावलं होतं मला?"

"रोज."

केसाने गळा कापला होता, आणि तोही ज्याच्यावर विसंबून डोळे मिटून सह्या केल्या त्याने. तिने पत्राची घडी घालून ते त्याच्या मांडीवर ठेवलं. यादी टॅटूवालीकडे सरकवली आणि 'पांढरा दोरा'वर बोट ठेवलं.

"हे."

मग फॉर्म ओढून घेतला आणि आडनावावरची उरलेली रेघ स्वतः पुरी केली, डावीकडून.

दादा उठला. दारात घुटमळत, संध्याकाळी न्यायला येऊ का, असं त्याने विचारलं.

तिने मनगट टेबलावर उताणं ठेवलं.

"यायची घाई करू नकोस," ती म्हणाली.