मी तोललेला कॅसिनो

मी एक जुना तराजू आहे, आणि सध्या मी चिडलेलो आहे. तराजूनं चिडू नये म्हणतात. दांडी सरळ हवी, काटा मधोमध हवा. कबूल. पण मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचाही काटा थरथरला असता. ऐकाच.

बोलिव्हियातल्या पुकामायू शहरात, लोहार गल्लीत माझा जन्म. खाणीवरची छोटी आगगाडी बंद पडली, तिच्या लोखंडातून लोहारानं माझी दांडी ठोकली. पारडी मात्र उंची बरं का. कार्निवलच्या बँडमधली पितळी झांज वाजवून वाजवून पातळ झाली होती. तिच्याच दोन चकत्या साखळीला टांगल्या, झाली पारडी. म्हणून अजूनही माझ्यात बटाटा पडला की ठण्ण आवाज येतो. सान रोके बाजारात डोळे मिटून फिरणारा माणूससुद्धा सांगेल, हा बासिलियाबाईचा तराजू.

बासिलियाबाई बटाटे विकते. आधी तिची आई विकायची. काळे, जांभळे, लांबुडके, गोल, आणि थंडीत गोठवून वाळवलेला चुन्यो. मी दोघींचंही तोललं. दुसऱ्या कुणाच्या काट्यावर भांडण झालं की लोक माल उचलून माझ्याकडे आणायचे. "याच्यावर घाल, हा कुणाच्या बापाला भीत नाही." एवढं कौतुक पुरे झालं मला आयुष्यभर. मधे बाईनं विजेवरचा काटा आणला होता. लाल आकडे दाखवायचा. मी खिळ्याला लटकून धूळ खात बसलो. दोन पावसाळे झाले आणि बटाट्याची माती त्याच्या पोटात गेली. तो रिकामाच असताना चार किलो दाखवायला लागला. बाईनं शिवी हासडली आणि मला खाली उतरवलं, शालीच्या टोकानं पुसलं, तेलाचे दोन थेंब दिले. मी काही बोललो नाही. बोलणं बरं दिसत नव्हतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या बाजारात विकणारी गिऱ्हाइकाला 'कासेरा' म्हणते आणि गिऱ्हाईक विकणारीलाही 'कासेरा'च म्हणतं. म्हणजे माझी नेहमीची, माझ्या घरातली. तोलून झालं, पैसे दिले, पिशवी उचलली, की गिऱ्हाईक तिथंच उभं राहतं. "आणि यापा, कासेरा?" मग बाई दोन बटाटे, नाहीतर चुन्योची एक मूठ, वरून पिशवीत टाकते. ती यापा. ती माझ्या पारड्यात कधी पडत नाही. तोलून दिली तर ती यापा कसली?

तर झालं असं, की एका कंपनीला आमच्या शहरात कॅसिनो काढायचा होता. सात मजली. आणि जागा कुठली? आमच्याच बाजाराची. आम्ही जायचं गावाबाहेर, विमानतळाच्या मागे, जिथं वाऱ्याशिवाय गिऱ्हाईक नाही. कॅसिनोनं गावाचं किती भलं होईल याचा अभ्यास करायला नगरपालिकेनं तेरासास साहेबांना नेमलं. साहेब तीन दिवस बाजारात आले. सकाळी पोती उतरली की त्यांचं वजन लिहायचे. दिवसभर माझ्यासमोर उभं राहून किती तोललं ते लिहायचे. बाईनं त्यांना उकडलेला मका दिला, तो खाल्ला. यापासाठी काही थांबले नाहीत. तिथंच मला शंका यायला हवी होती.

सुनावणी गुरुवारी सकाळी होती. बाईनं मला पट्टेरी चादरीत गुंडाळून पाठीवर बांधलं. पालिकेच्या दारात पहारेकरी आडवा आला.

"काय आहे यात? हत्यार?"

"हो," बाई म्हणाली. "पण यानं फक्त खोटं बोलणारे घायाळ होतात. तुला भ्यायचं कारण नाही."

हॉल गच्च भरला होता. तेरासास साहेबांनी भिंतीवर चित्रं दाखवली. कॅसिनोत तीनशे चाळीस नोकऱ्या. वर्षाला चार कोटी बोलिव्हियानो गावात खेळणार. टॅक्सीवाले टाळ्या वाजवत होते. त्यांचा मला राग नाही. एक टॅक्सीवाला उठून म्हणाला, "माझी पोरगी शिकून घरी बसलीय. बाजारात कोण देतंय तिला काम?" आणि खरंच कुणी देत नव्हतं.

बाई उठली. "पोरीला काम मिळायलाच हवं. मी नाही म्हणत नाही. मला एवढंच सांगा साहेब, त्या कॅसिनोत खेळायला येणार कोण?"

साहेबांनी पानं उलटली. "दहातले सात याच शहरातले. तीन बाहेरचे."

बाईनं चादर सोडली. डाव्या हातात मला उंच धरलं, उजव्या हातानं बटाटे घातले. पाच इकडे, पाच तिकडे. ठण्ण, ठण्ण. काटा मधोमध.

"हे पारडं बाजार, शिंपी, खानावळी, सिनेमा. हे पारडं कॅसिनो. आता आपले लोक खिशातले पैसे घेऊन कॅसिनोत गेले." तिनं इकडचे तीन बटाटे उचलून तिकडे टाकले. कॅसिनोचं पारडं धाडकन खाली. "वा! किती जड झालं बघा. आता सांगा साहेब, गावात एक तरी बटाटा वाढला का?"

साहेब हसले. शिकलेले लोक हसतात ना, तसं. "बाई, हे इतकं सोपं नसतं."

"मग अवघड करून सांगा. आम्ही बसलोय."

"एक बोलिव्हियानो खर्च झाला की तो पुढे फिरतो, त्यातून दोन होतात. त्याला गुणक म्हणतात."

"असं होय. आणि तो गुणक फक्त कॅसिनोतल्या पैशाला लागतो? माझ्याकडून बटाटे घेतले तर नाही लागत?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. बाई थांबली नाही. तिनं कॅसिनोच्या पारड्यातले चार बटाटे काढले आणि चालत जाऊन कंपनीच्या माणसाच्या, ओल्मोसच्या, हातात ठेवले. "हा तुमचा नफा. मालक राजधानीत राहतात ना? मग हे पारड्यातच नाहीत. धरा, धरा, मातीला लाजू नका. बाहेरचे तीन येतील त्यांचं ठेवा. आपल्या सातांचं काढा. मग सांगा याच्या पोरीला किती काम उरतं. मी ऐकेन."

टॅक्सीवाला आता टाळ्या वाजवत नव्हता. विचार करत होता.

सभापती मिर्ताबाईंनी अहवालाचं पुढचं पान वाचलं. "पण बासिलियाबाई, इथं बाजाराबद्दलही लिहिलंय. कारभार गलथान. आठ टक्के मालाची गळती. चोरी किंवा नासाडी."

"काय?" बाईचा हात हलला. मीही हललो. माझ्यावर आळ आला होता, मित्रांनो! चाळीस वर्षं मी तोललं, आणि म्हणे गळती!

"सकाळी पोत्यात किती आलं ते मी मोजलं," साहेब म्हणाले, "आणि दिवसभरात तोलून किती विकलं तेही मोजलं. शिल्लक वजा केली. तरी आठ टक्के माल कुठे गेला, त्याचा पत्ता नाही."

मग मागून चीज विकणारी तोमासा अशी हसली, की तिच्या डोक्यावरची टोपी पडली. "अगं बासिलिया, ती यापा! साहेबांनी आपली यापा चोरीत घातली!"

हॉलमध्ये हशा फुटला. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. मिर्ताबाईंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे दर शनिवारी मी चोरीच करते म्हणायची," त्या पुटपुटल्या.

"साहेब," बाई म्हणाली, "तुमच्या घरी भाजी कोण आणतं?"

"सुपरमार्केटातून येते."

"तरीच. याच आठ टक्क्यांसाठी माझी कासेरा पाऊस असो, ऊन असो, माझ्याकडेच येते. पोर आजारी असेल तर पैसे नसतानाही येते. तुमच्या तीन दिवसांत मोजण्यासारखं जे होतं, ते तुम्ही गटारात टाकलंत."

ओल्मोसनं वारं ओळखलं. बटाटे टेबलावर ठेवून तो गोड हसत उठला. "सुंदर रीत आहे तुमची. मग कंपनीकडूनही गावाला एक यापा! विमानतळामागच्या नव्या बाजाराला आम्ही छत बांधून देऊ. फुकट!"

त्याला वाटलं टाळ्या पडतील.

बाईनं मला हळूच खाली घेतलं. "बाबा," ती म्हणाली, आवाज अगदी मऊ, "यापा सौदा झाल्यावर देतात. ज्यानं घेतलं त्याला मिळते, ज्यानं विकलं तो देतो. आम्ही तुला अजून काही विकलेलं नाही."

नगरसेवकांनी हात वर केले. सहा विरुद्ध पाच. अहवाल परत गेला, नव्यानं करायचा ठरला. तोवर बाजाराला हात लावायचा नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्याच मंगळवारी दोन निरीक्षक आले. पन्नास दुकानं सोडून सरळ माझ्याकडे. "या तराजूवर यंदाचा शिक्का नाही." शिक्का मारणारा माणूस वर्षभर आला नव्हता, कुणाच्याच काट्यावर शिक्का नव्हता. पण उचलला मलाच. आता मी पालिकेच्या तळघरात, जप्त केलेल्या हातगाड्या आणि एका फुटक्या पाटीच्या शेजारी पडलोय.

बाई चार वेळा आली. तीन वेळा म्हणाले, उद्या या. चौथ्या वेळी तळघराच्या दारातच कारकुनानं कागद पुढे केला. "सही करा आणि घेऊन जा. फक्त लिहून द्यायचं, की तराजू सदोष होता."

बाईला वाचायला वेळ लागतो. तिनं बोट ठेवून सगळं वाचलं. मग दोनदा वाचलं.

"हा कागद त्या नव्या अहवालाला जोडणार ना?"

कारकून खिडकीकडे बघू लागला. पोटाचा प्रश्न त्यालाही होता, मी समजतो. पण समजलं म्हणून राग कमी होत नाही.

तिनं पेन खाली ठेवलं. आत आली, माझ्या पारड्यावरची धूळ हातानं पुसली. "मी सध्या ढीग लावून विकते," तिनं मला सांगितलं, जसं घरच्या माणसाला सांगतात. "चालतंय. खोटा म्हणून तुला घरी नेण्यापेक्षा खरा म्हणून इथंच राहा."

आणि ती गेली. बाजार अजून उभा आहे, पोती उतरतात, त्यांचा आवाज इथवर येतो.

मित्रांनो, तळघरात ओल आहे. दांडीला गंज चढतोय. तुमच्या घरी, दुकानात माझ्यासारखं जुनं काही असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा, वर्षातून एकदा तेल द्या, एवढंच मागणं आहे. आमची निगा अवघड नसते. आणि कुणी कधी कागद पुढे सरकवून म्हणालं, की एवढं खोटं आहे म्हणा आणि तुमची वस्तू घेऊन जा, तर बोट ठेवून सावकाश वाचा. मग पेन खाली ठेवा. वस्तूला वाईट वाटेल असं मनात आणू नका. मी वस्तू आहे, मी सांगतो.