आलेल्या तक्रारी : एकही नाही

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यातल्या एका शब्दावरही तुमचा विश्वास बसणार नाही. या नगरात कुणाच्या नळाला किती वाजता पाणी येतं, कुठल्या गल्लीतला दिवा डोळे मिचकावतो आणि कुठला साहेब जेवणानंतर खुर्चीत घोरतो, ते सगळं मला तोंडपाठ आहे. हसा, खुशाल हसा! तुमची बस यायला अजून वीस मिनिटं आहेत आणि या थांब्यावर माझ्याइतकं बोलकं दुसरं कुणी नाही.

मी एक जुनी तक्रारपेटी आहे. भिंतीवर टांगतात तसली चिमुरडी नव्हे हं, चांगली जमिनीवर ठाण मांडून बसणारी! सुताराने मला जुन्या दाराच्या फळ्यांतून घडवलं. पुढे चिठ्ठ्या टाकायला फट पाडली, मागे झडप बसवून पितळी कुलूप घातलं आणि पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "पोरी, लोकांचं ऐकून घे. पण पोटात ठेवून बसू नकोस."

नगराच्या कचेरीत जिन्याशेजारी मला जागा मिळाली. दर शुक्रवारी कारकून यायचे, कुलूप उघडायचे आणि चष्मा पुसून एकेक चिठ्ठी वाचायचे. लोक काय काय लिहायचे! 'आमच्या गल्लीतला खड्डा आता इतका जुना झालाय, की त्याला नाव ठेवावं म्हणतो.' एका मुलीने लिहिलं होतं, 'बागेतला झोपाळा कुरकुरतो, त्याला तेल पाजा.' एका काकांची काहीच तक्रार नव्हती. आमच्या झाडूवाल्या ताईंना कुणीतरी शाबासकी द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या अंगावर तेव्हा महिन्याला पॉलिश चढत असे. साहेब पाहुण्यांना मला दाखवत. मीही फुशारून जाई.

मग एके दिवशी किल्ली हरवली.

"तोडा की कुलूप," शिपाई म्हणाला.

"तोडा काय? सरकारी कुलूप आहे ते!" कारकून दचकले. "परवानगीचा अर्ज लागतो."

"मग करा अर्ज."

"केलाय. नियमाप्रमाणे पेटीत टाकलाय."

मित्रांनो, तो अर्ज माझ्याच पोटात पडला! तेव्हापासून दर शुक्रवारी कारकून माझ्याकडे नुसतं बघायचे, सुस्कारा टाकायचे आणि वहीत लिहायचे, 'आलेल्या तक्रारी : एकही नाही.' अशी तीन वर्षं गेली. एकही तक्रार नाही म्हणजे लोक सुखात आहेत, असा वर हिशेब झाला आणि आमच्या नगराला समाधानी नागरिकांचं पहिलं बक्षीस मिळालं. हार माझ्या गळ्यात घातला. मी आतून चिठ्ठ्यांनी गच्च भरले होते. मला तो हार टोचत होता.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या एका आजींच्या होत्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, त्यामुळे अक्षरसुद्धा बारीक टीप घातल्यासारखं. आजोबांचे पाय अधू. आठवड्यातून दोनदा त्यांना बसने दवाखान्यात न्यावं लागे. या थांब्यावरचा बाक रंगवायला म्हणून नेला, तो परत आलाच नाही. आजोबांना पाच मिनिटं उभं राहवत नसे.

एकदा ते दोघं चिठ्ठी टाकायला आले. आजोबा भिंतीला टेकून म्हणाले, "पुरे आता. मी नाही येत दवाखान्यात. घरीच बरा."

"घरी बसून माझं डोकं खाणार त्यापेक्षा चला गुपचूप," आजी म्हणाल्या. आणि त्यांनी चिठ्ठी फटीतून आत सरकवली. त्या चिठ्ठीत एकच ओळ होती. 'बाक नसला तर हे उपचार सोडतील, आणि मग मी काय करू?'

मित्रांनो, मला राहवलं नाही. मी श्वास कोंडला, फळ्या ताणल्या आणि अशी शिंकले, अशी शिंकले, की कुलूप तुटून थेट साहेबांच्या चहात पडलं! चिठ्ठ्या पाखरांसारख्या कचेरीभर उडाल्या. साहेबांनी आजींची चिठ्ठी उचलली, वाचली आणि ते ढसाढसा रडले. तासाभरात नवा बाक इथे हजर! पाठ टेकायला फळी, हात ठेवायला दांडे, वर सावलीला छप्पर. आजोबांचा एकही उपचार चुकला नाही. माझं काम झालं, म्हणून मी इथे येऊन मजेत हवा खात बसले आहे.

म्हणून सांगते, माझ्यासारखी एखादी पेटी दिसली, तर तिला पुसू नका, हार घालू नका. तिला उघडा. आत कुणीतरी वाट बघत असतं. आता तो नवा बाक कसा आहे म्हणाल, तर इतका मऊ, की त्याच्यावर...

"अगं ए पेटी! पोरांना काय थापा मारतेस? कुलूप तर अजून तसंच लटकतंय तुझ्या पाठीला. आणि बाक आला असता, तर तुला कचेरीतून इथे कशाला आणली असती, आणि आमचे हे तुझ्या डोक्यावर कशाला बसले असते?"