आठ बाय सहाची खोली

“पलंग तिकडे नको हो, दार उघडलं की थेट पायाला लागेल,” असं म्हणत बायकोने पुठ्ठ्याचा पलंग बोटाने भिंतीकडे सरकवला.

“हात नको लावूस गं, मापात ठेवलाय,” म्हणत पट्टीसाहेबांनी तो पुन्हा जागेवर आणला.

रविवारची सकाळ होती आणि जेवणाच्या टेबलावर घराचा नकाशा पसरला होता. त्यावर मापात कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे होते: डबल बेड, कपाटं, मुलाचं टेबल. मागच्या अंगणात दोन झोपायच्या खोल्या वाढवायच्या होत्या. एक मुलाची, कारण घरात सून येणार होती. दुसरी ताईची.

पट्टीसाहेब आर्किटेक्टच्या ऑफिसात तीस वर्षं ड्राफ्ट्समन. शर्टाच्या खिशात कायम मोजपट्टी, म्हणून हे नाव. हजारभर घरांचे नकाशे काढले असतील, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला एकच गोष्ट ऐकवली असेल, “साहेब, झोपायच्या खोलीत आधी दार काढायचं, मग पलंग.” गिऱ्हाइकं कंटाळायची, पण ऐकायची.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा हिनेच हॉस्पिटलच्या कपडेखात्यात चादरी शिवून यांना शिकवलं. त्या गडबडीत तिचं लग्न राहून गेलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, “नाही जमलं, सोडा ना आता.” भावाच्या लग्नानंतर तिची घडीची खाट बाहेरच्या खोलीत आली आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिली. सगळे झोपले की उघडायची, सगळ्यांच्या आधी मिटायची. पाहुणे बसले की ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. मुलाचे मित्र मॅच बघायला आले की तिथेच. साडी बदलायची ती न्हाणीघरात. एकदा फणफणून ताप आला तेव्हासुद्धा बाई दुपारभर स्वयंपाकघरात सतरंजीवर पडून राहिली, कारण बाहेर वायरमन काम करत होता. पण कधी तोंडातून चकार शब्द नाही.

खोली बांधायचं ठरलं तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली होती, “छोट्या, आतून कडी असू दे हं.” पन्नाशी उलटून केस पांढरे झाले तरी ती त्यांना छोट्याच म्हणायची.

“कडी कशाला? घरात काय चोर शिरणारेत?” पट्टीसाहेब हसले होते.

तीही हसली होती. “असू दे रे. मला आवडतं.”

पहिल्या नकाशात ताईची खोली दहा बाय दहा होती. मग मुलगा म्हणाला, “बाबा, बाथरूम आतच पाहिजे. आजकाल सगळेच करतात.” ताईच्या खोलीतून दोन फूट गेले. मग सुनेसाठी भिंतभर कपाट निघालं, आणखी दोन फूट गेले. मग बोळ रुंद केला. रोज संध्याकाळी खोडरबर फिरायचा, आणि दर वेळी तो ताईच्याच भिंतीवरून फिरायचा. तिच्याकडून ‘नको’ येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पट्टीसाहेबांना सगळ्यात जास्त. राहता राहिली आठ बाय सहा. त्यात खाट बसली, लहान कपाट बसलं, शिवणयंत्र बसलं. दार मात्र उघडताना यंत्राला अडायला लागलं. बाहेर उघडावं तर बोळात समोर मुलाच्या खोलीचं दार. दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी त्यांनी दार कसं उघडतं ते दाखवणारी पाव गोलाची रेघच नकाशावरून खोडून टाकली.

“पडदा लावू छानसा. जागा किती वाचली बघ,” ते बायकोला म्हणाले.

“त्यांना विचारलंत?” बायकोने विचारलं.

“तिला काय विचारायचंय! तिचं काही नसतं.”

नकाशा नगरपालिकेत मंजुरीला गेला आणि परत आला. खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, “ह्याला झोपायची खोली कसं म्हणता? एवढीशी, त्यात दारही नाही. स्टोअर लिहा, लगेच पुढे पाठवतो.” पट्टीसाहेबांनी तिथेच बाकावर बसून जुनी अक्षरं खरवडली आणि आपल्या सुरेख, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: स्टोअर. बाकावर बसल्या बसल्या त्यांना एक क्षण कसंसंच झालं होतं. पण खिडकीपुढे रांग वाढत होती.

मंजूर नकाशा घरी आला त्या संध्याकाळी सगळे टेबलाभोवती जमले. ताई चष्मा पुसत आली. भावाला अभ्यासात सोबत करता करता नकाशा वाचायला ती कधीच शिकली होती. तिने बोट फिरवलं. दार, खिडकी, बाथरूम, कपाट. मग बोट थांबलं.

“छोट्या, हे स्टोअर म्हणजे मीच का रे?”

आणि सगळे खो खो हसले. मुलगा हसला, बायको हसली. पट्टीसाहेबही हसले. “अगं, कागदावर फक्त! नावाला!”

“हो का,” ती म्हणाली आणि हसतच पोळ्यांकडे वळली.

ते हसणं पट्टीसाहेबांना पुढे फार दिवस छळणार होतं. त्या वेळी दोन शब्द बोलले असते तरी चाललं असतं. नुसतं गप्प बसले असते तरी चाललं असतं.

पंधरा दिवसांनी जेवताना ताईने सांगितलं, “हॉस्पिटलच्या मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला विचारलंय मला. तिथेच राहावं लागतं. मी हो म्हणून आले.”

“अगं पण ताई, खोली बांधतोय ना आपण!”

“बांधा की. सामान ठेवायला होईल.”

आवाजात राग नव्हता. असता तर भांडता आलं असतं, विनवता आलं असतं. पुढच्या सोमवारी ती एक ट्रंक आणि शिवणयंत्र घेऊन गेली. घडीची खाट तिने आपणहून पुसून, मिटून, भिंतीशी लावून ठेवली होती.

बांधकाम वर आलं तेव्हा एक दिवस पट्टीसाहेब ऑफिसातून लवकर आले आणि नकाशा घेऊन बसले. मुलाच्या खोलीचं दार फूटभर डावीकडे घेतलं. बस्स! समोरची भिंत मोकळी झाली आणि ताईचं दार बाहेर उघडायला लागलं. दहा मिनिटं लागली होती. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर हे पहिल्याच दिवशी सुचलं असतं.

दार बसलं. जाड, पॉलिश केलेलं. आतून पितळी कडी त्यांनी स्वतः स्क्रू पिळून लावली आणि रविवारी दुपारी ताईला आणायला निघाले.

वसतिगृहाच्या लांब बोळात तिची खोली शेवटची होती. दार बंद होतं. पट्टीसाहेबांनी हात वर केला आणि तो तसाच राहिला. आपल्या बहिणीच्या दारावर टकटक करायची ही त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

“कोण?”

“मी. छोट्या.”

“थांब हं जरा.”

ते थांबले. आत काहीतरी सावकाश आवरलं जात होतं. मग कडी निघाली.

खोली नऊ बाय सात, नजरेनेच त्यांनी मोजली. खाट उघडी होती. भरदुपारी, चादर अंथरून, उशीवर पुस्तक पालथं ठेवून. ताईने केस मोकळे सोडले होते. लहानपणानंतर तिचे मोकळे केस त्यांनी पाहिलेच नव्हते.

तिने चहा केला. त्यांनी दाराचं सांगितलं, कडीचंही. शेवटी म्हणाले, “चुकलंच गं माझं. तेव्हा हसायला नको होतं मी. चल ना घरी.”

ताईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “येईन की रे. येत जाईन. राहायला मात्र इथे बरंय मला.”

दारापर्यंत ती पोचवायला आली. “जिन्यात सांभाळून जा,” म्हणाली. पट्टीसाहेब चार पावलं गेले असतील. मागे दार लागलं, आणि पाठोपाठ कडी. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने ती अगदी हळू सरकवली होती. तेही त्यांना ऐकू आलं.