बर्फाखालचा किल्ला

दिवाळीत मराठी घरापुढे मातीचा किल्ला असतो. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या अंगणात गेल्या वर्षी बाबांनी दरी केली. भूगर्भ खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. पण दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाखाली रडारला जुन्या नद्यांची खोरी दिसली, हे वाचल्यापासून ते दुसरं काही बोलत नव्हते. पत्र्याखालच्या कोपऱ्यात त्यांनी मातीचे डोंगर रचले, बोटांनी नद्या ओढल्या, वर प्लॅस्टिक अंथरलं आणि सगळ्यावर प्लास्टर ओतलं. मावळे खालीच राहिले. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, पोरं पांढरा ढिगारा बघून हिरमुसली.

शेजारचे गुलाबराव म्हणाले, "साहेब, किल्ला बांधला का दह्याचं मडकं सांडलं?"

बाबा हसले. बर्फ डोंगर झिजवतो हे खरं, पण बुडाशी गोठून बसला की जपतो, असं त्यांनी समजावलं. पुढच्या दिवाळीला उघडून दाखवीन, असंही पोरांना कबूल केलं.

होळीच्या आधी ते गेले.

यंदा आमच्याकडे दिवाळी नाही, म्हणून किल्लाही नाही. माझा धाकटा भाऊ पुष्कर नव्या रायपुरात राहतो. आला की त्याची गाडी गल्लीत घासते. त्या कोपऱ्यात ती सहज मावेल म्हणून तो एक मजूर घेऊन आला. ढिगारा फुटू नये असं मला फार वाटत होतं, पण सांगण्यासारखं कारण सापडेना.

मजुराने कुदळ उचलली, परत खाली ठेवली आणि चपला काढल्या. ढिगाऱ्यावर ताजं जास्वंद होतं. पूजा झाली की आई रोज एक फूल तिथे ठेवते. आम्हा दोघांना ते माहीत होतं.

"देवता हे का, दाई?" त्याने आईला विचारलं. त्याच्या बोलीत दाई म्हणजे आई.

आईने मान डोलावली. "हव," म्हणाली.

पुष्करने तिच्याकडे बघितलं आणि मजुराला चहा विचारला.

मजूर गेल्यावर मी म्हटलं, नवा किल्ला करायचा नाही, पण हा तर जुनाच आहे.

"मग उघड," आई म्हणाली. "पण सांभाळून. तुटला तर तुले सोडणार नाही मी."

प्लास्टर दोघांनी मिळून उचललं. खालची माती वाळून थोडी तडकली होती, पण नद्या जिथल्या तिथे होत्या. काठांवर बाबांच्या अंगठ्याचे ठसे होते. मावळे आडवे झाले होते. पुष्कर वाकून बघत होता. मराठी कळत असूनही तो हिंदीतच बोलतो.

"दीदी, ये नदी तो ऊपर चढ़ रही है."

"गुडघे दुखत होते त्यांचे," आई म्हणाली. "पलीकडून बघितलंच नसेल."

बऱ्याच महिन्यांनी आम्ही तिघं एकदम हसलो.

मग आईने माती भिजवली आणि अळीव पेरले. बर्फाच्या आधी तिथे झाडं होती म्हणायचे ना ते, एवढंच बोलली.

लक्ष्मीपूजनापर्यंत दरी हिरवी झाली. आम्ही पणत्या लावल्या नाहीत, तरी पोरं आली, गुलाबरावही आले आणि दही कुठे गेलं म्हणून विचारून गेले. सकाळचं फूल हातात घेऊन आई बराच वेळ उभी होती. शेवटी तिने ते चढणाऱ्या नदीच्या टोकाशी ठेवलं.