दहापैकी नऊ

"मास्तर, तुम्ही स्वतःला दहापैकी दहा दिलेत, तर मी इथे नळासमोर एका पायावर उभा राहून एकोणतीसचा पाढा म्हणेन!" शिंप्याने जाहीर करून टाकलं.

"आणि नाही दिले तर?" नर्सबाईने बादली पुढे सरकवली.

"तर मास्तर उभे राहतील. पायजम्याची नाडी मी धरतो."

अख्खी रांग खिदळली. मास्तरही हसले. "लागली पैज. शुक्रवारी संध्याकाळी."

शुक्रवार म्हणजे मास्तरांचा नोकरीतला शेवटचा दिवस. शनिवारी सकाळच्या गाडीने ते कायमचे लेकीकडे निघणार होते. बायको गेल्यापासून खोलीत त्यांच्याशी बोलायला घड्याळाशिवाय कोणी नव्हतंच.

बत्तीस वर्षं तिसरीचा वर्ग. आणि त्या माणसाचं खूळ काय, तर शाळा सुटली की वहीत स्वतःच्या शिकवण्याला लाल पेनाने गुण द्यायचे. खाली काय चुकलं ते. त्याच्याखाली 'उद्या', आणि उद्या काय करून बघायचं ते. एकदा तपासणीचे साहेब 'उत्तम' शेरा देऊन गेले, त्या दिवशी मास्तरांनी स्वतःला सहा दिले होते. "साहेब खूष झाले हो, पण मागच्या बाकावर तिघं पेंगत होते." नऊच्या वर गाडी कधी गेलीच नाही.

शिंप्याने आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या, पण या वेळी त्याला मनापासून हरायचं होतं. म्हाताऱ्याला जाता जाता एकदा तरी दहा मिळू देत! म्हणून गुरुवारी त्याने आपल्या लेकीला जवळ बसवलं. ती मास्तरांच्याच वर्गात. सगळे तिला बटण म्हणायचे. हातच्याची वजाबाकी म्हटलं की बटण हमखास अडायची.

"उद्या मास्तरांनी 'समजलं का?' विचारलं, की काय म्हणायचं?"

"नाही समजलं तर?"

"अगं, तरी म्हणायचं समजलं! खणखणीत!"

शुक्रवारी संध्याकाळी नळावर ही गर्दी. शिंपी तर चप्पल काढून तयारच. मास्तर वही घेऊन आले.

"किती, मास्तर?"

"नऊ."

"असं कसं? सगळ्यांना समजलं ना? आमच्या बटणलासुद्धा!"

"तिने मी विचारायच्या आधीच मान हलवली." मास्तर हळूच म्हणाले. "तीस वर्षांपूर्वी फसलो असतो. आता मान कुठली खरी ते कळतं. पण तोवर घंटा झाली."

त्यांनी खिशातून एक दोरा काढला. त्यात दहा बटणं ओवलेली. चार दिवसांपूर्वी शिंप्याच्याच दुकानातून मागून नेलेली.

"ती 'नाही' म्हणाली असती ना, तर हा दोरा तोडणार होतो. दशकाची माळ सुटली की दहा एकक मोकळे. हे आधी कधी करून बघितलं नव्हतं. आज बसला असता मेळ." "पोरीला माझ्यासमोर 'नाही समजलं' म्हणायची भीती वाटली. मग गुण कापायला नकोत?"

नर्सबाईने शिंप्याकडे पाहिलं. बापाच्या मागे लपलेल्या बटणने त्याचा सदरा मुठीत धरला. शिंपी म्हणाला, "मास्तर, तिचं काही नाही हो. मीच पढवलं तिला. दहा लिहा. मी उभा राहतो."

मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं.

"लिहिलेला गुण खोडत नसतात रे. धर जरा."

वही शिंप्याच्या हातात आणि बटणांची माळ बटणच्या हातात देऊन त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. डावा पाय उचलला. डुगडुगले, सावरले.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

कोणी हसलं नाही. बादली भरून वाहत होती, नळ बंद करायचं कोणाला सुचलं नाही. शिंप्याने वहीत पाहिलं. लाल शाईत नऊ. खाली बटणची वजाबाकी. त्याच्याखाली सवयीने लिहिलेलं 'उद्या', आणि पुढे कोरा कागद.

"...त्रिक सत्त्याऐंशी."

शिंप्याने वही छातीशी धरली, आणि मास्तरांच्या शेजारी जाऊन आपलाही एक पाय उचलला.