ऐकू आलं की बोट वर

"दुसरंही बाद," काकांनी फोनवर मुलीला सांगितलं आणि वहीतल्या मधल्या रकान्यावर फुली मारली.

घरबसल्या संगणकावर संगीत बनवायची तीन सॉफ्टवेअरं तिनेच सुचवली होती. तिन्ही महिनाभर वापरून बघता येत होती आणि महिनाअखेरीला त्यातलं एक ठरवायचं होतं. काकांनी वहीत तीन रकाने आखले होते. पहिल्या रकान्यात 'आवाज बोथट' असं लिहून फुली मारली होती, आता दुसऱ्यातही तेच लिहिलं.

"बाबा, आवाज तिन्हींचा सारखाच असतो," मुलगी म्हणाली. "फरक असतो तो वापरायच्या पद्धतीत. आवाजावरून कुणी सॉफ्टवेअर निवडत नाही हो."

"मी एकतीस वर्षं आवाजाचंच खातोय," काका म्हणाले. "वरचे सूर येतच नाहीयेत यात. तोंडावर रजई घेऊन वाजवल्यासारखं वाटतं."

आवाजाचं खातोय म्हणाले ते काही खोटं नव्हतं. काका इस्पितळात कान तपासायचे. जाड दाराच्या एवढ्याशा खोलीत माणसाला बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा आणि आपण काचेच्या अलीकडे बसून यंत्रातून एकेक सूर सोडायचा, हे त्यांचं काम. सूर ऐकू आला की आतल्या माणसाने बोट वर करायचं. 'ऐकू आलं की बोट वर' हे वाक्य ते दिवसातून वीसेक वेळा म्हणत, त्यामुळे इस्पितळात त्यांना सगळे बोटवर काकाच म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

यंत्रात सूर आठ. पहिला बोटीच्या भोंग्यासारखा घोगरा, आठवा सुईच्या टोकासारखा बारीक. काकांना गाण्याचं अंग म्हणून नव्हतं. शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी समारंभाच्या दिवशी त्यांना नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. पण एकतीस वर्षं तेच आठ सूर कानावर पडून त्यांच्या डोक्यात एक चाल तयार झाली होती. आठवा सूर वर एकटाच लकाकत राहतो आणि खालून बाकीचे सात एकामागून एक चालत येतात, अशी. नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकलेला तो आठवा सूर त्यांना फार आवडायचा. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. त्याआधी ही चाल खरोखर वाजवायची आणि मुलीला पाठवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःचं असं काही करावंसं वाटत होतं, आणि त्या हट्टाला ते पेटले होते.

तिसरं सॉफ्टवेअर त्यांना दिसायला बरं वाटलं. त्यात प्रत्येक सुराची रंगीत पट्टी पडद्यावर दिसे. सूर जितका उंच तितकी पट्टी वर. आठव्याची पट्टी सगळ्यांच्या वर, निळी. आवाज मात्र इथेही बोथटच. काकांनी निळ्या पट्टीचा आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटी टोकाला नेऊन ठेवला. सूर काही येईना.

रविवारी दुपारी ते असेच झटत बसले होते. बायको बाहेर पडद्यांना टाके घालत होती. ती उठून दारात आली. सुईदोरा हातातच होता आणि दोन्ही हात कानांवर.

"अहो, किती वेळ ती शिट्टी? डोकं उठलंय माझं."

"कसली शिट्टी?"

"ही काय. वाजतेय ना आता."

काकांनी कान देऊन ऐकलं. खालचे सूर चालत होते, शिट्टीबिट्टी काही नव्हती. त्यांनी एकेक पट्टी बंद करायला सुरुवात केली. पहिली बंद केली, बायकोने मान हलवली. दुसरी, तिसरी, दर वेळी तिची मान नाही म्हणायची. निळी पट्टी बंद केली तेव्हा तिने हात खाली घेतले. काकांनी ती पुन्हा चालू केली, हात पुन्हा कानांवर गेले. तिसऱ्यांदा तेच केल्यावर ती वैतागली आणि म्हणाली, माझी कसली तपासणी चालवलीय?

ही शिट्टी आजच लागली का, असं काकांनी हळूच विचारलं.

"आज कुठली? पंधरा दिवस ऐकतेय मी," बायको म्हणाली. "आधी बारीक होती, आज फारच झाली. मला वाटलं, हे नवीन संगीत असंच असतं. तुम्ही एवढे रमला होतात, म्हटलं कशाला बोला."

ती टाके घालायला परत गेली. काका वही उघडून बसले. दोन फुल्या आणि दोनदा लिहिलेलं 'बोथट'. सॉफ्टवेअरं बिचारी निर्दोष होती.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर कामावर गेले. रोज पहिला पेशंट यायच्या आधी काका स्वतः हेडफोन लावून आठही सूर ऐकत आणि तक्त्यावर आठ खुणा करून सही करत. यंत्र बिघडलं तर लगेच कळावं म्हणून ही पद्धत. आज त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि नुसतं ऐकलं. सहा सूर नीट आले. सातवा लांबून आल्यासारखा आला. आठव्याचं बटण दाबलं तर दिवा लागला आणि बाकी काही झालं नाही.

त्यांनी मागची पानं चाळली. रोज आठ खुणा, एकाच वळणाच्या. आठवा सूर आपण शेवटचा कधी ऐकला हे त्यांना आठवेना. दिवा लागत होता आणि हात खूण करत होता, असं किती महिने चाललं होतं कोण जाणे. कान गेल्यापेक्षा या खुणांनीच त्यांना जास्त हादरवलं. कंपनीच्या माणसाने गेल्याच महिन्यात यंत्र तपासून ठीक असल्याचं सांगितलं होतं, म्हणजे कुणाचं नुकसान झालं नव्हतं. पण ते नशिबाने. त्यात काकांचं श्रेय काही नव्हतं.

शेजारच्या टेबलावर बारा वर्षं एकच सिस्टर बसायच्या. काका त्यांना म्हणाले, माझे कान तपासा. सिस्टरांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्याने यंत्रापुढे जाऊन बसल्या.

पेशंटच्या खुर्चीत काका पहिल्यांदाच बसले. काचेतून सिस्टरांचं कोपर दिसत होतं. बटण दाबलं की कोपर हलायचं. ड्रायव्हर, पहारेकरी, ज्यांना नोकरीसाठी दाखला हवा असे लोक या कोपराकडे बघून बोट वर करतात हे काकांना पाठ होतं. अशांना ते हसत हसत खुर्ची फिरवायला लावत. आता ते उठले आणि त्यांनी स्वतःच खुर्ची भिंतीकडे फिरवली.

सूर आले, बोट वर झालं. आले, वर झालं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. त्या शांततेत बाहेर काय चाललंय हे त्यांना नेमकं माहीत होतं. सिस्टर एकेक घर आवाज वाढवत होत्या आणि वाट बघत होत्या. बोट वर करावं असं काकांना फार वाटलं. ते अर्धवट उठलंही. दुसऱ्या हाताने त्यांनी ते दाबून धरलं.

आलेखाचा कागद त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रेघ सहाव्या सुरापर्यंत बरी चालली होती आणि मग जिना उतरल्यासारखी खाली गेली होती. पण सिस्टरांना काहीतरी बोलणं भाग होतं. बारा वर्षं शेजारी बसून जे ऐकलं होतं तेच त्या बोलल्या.

"वयाप्रमाणे थोडं कमी झालंय काका. बोलण्याचालण्याला अडचण नाही यायची."

हे वाक्य काकांचं होतं. हजारो लोकांना त्यांनी ते याच सुरात ऐकवलं होतं आणि लोक बरं म्हणून, आभार मानून उठायचे. आपण लोकांना धीर देतो असं काकांना वाटायचं. त्या लोकांना दुसरं काही सुचतच नसेल, हे त्यांना आज कळलं. "बरं," ते म्हणाले, "थँक यू, सिस्टर." मग डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. उद्यापासून यंत्राचे सूर सिस्टरांनी ऐकावेत असंही सांगितलं. डॉक्टर चांगले होते. मनाला लावून घेऊ नका म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटची फाईल उघडली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मुदत संपत आली होती, काय ठरलं, असं ती विचारत होती.

"तिसरं घेऊ," काका म्हणाले.

"त्याचा आवाज आवडला वाटतं?"

"त्यात दिसतं गं," काका म्हणाले. "कुठला सूर चाललाय ते पट्टीवर दिसतं."

सगळं ठीक आहे ना, मुलीने विचारलं. काकांनी हो म्हणून फोन तिच्या आईकडे दिला.

फोन झाल्यावर त्यांनी बायकोसाठी शेजारी खुर्ची ओढली. मला काय कळतंय त्यातलं, असं म्हणत ती बसली.

"कळायला नको. डोळे मीट. शिट्टी ऐकू आली की बोट वर."

ती आधी हसली. मग त्यांचा चेहरा बघून तिने डोळे मिटले आणि ताठ बसली, नवे पेशंट बसतात तशी. काकांनी निळ्या पट्टीचा आवाज पार खाली नेला आणि तिथून हळूहळू वर आणला. त्यांचं लक्ष पडद्याकडे नव्हतं, तिच्या हाताकडे होतं. एका जागी बोट वर झालं.

"टोचतो का?"

"नाही. आता चांगला वाटतोय."

"कसा आहे?"

ती विचारात पडली. "बारीक आहे. लांब कुणीतरी काचेच्या पेल्यात चमचा ढवळतंय, तसा."

काकांनी ते वहीत तिसऱ्या रकान्यात लिहून घेतलं. मग त्यांनी चाल पहिल्यापासून लावली. खालचे सूर एकामागून एक चालत आले. बायकोचं बोट वर झालं, खाली आलं, पुन्हा वर झालं. काका बोटावर नजर ठेवून ऐकत राहिले. शेवटी खालचे सूर थांबले आणि खोलीत काही ऐकू येईनासं झालं. बायकोचं बोट अजून वर होतं. ते खाली येईपर्यंत काका हात मांडीवर ठेवून बसून राहिले.