नितळ सांधा

थोरलीने सिरिंजची सुई फटीला टेकवली आणि शीट जोडणारा द्राव आपसूक आत धावला, कोरड्या फडक्यात पाणी चढावं तसा. उभ्या ॲक्रिलिक शीटखाली फट राहावी म्हणून केसासारख्या दोन तारा होत्या. एकीचं टोक तिच्यापाशी, दुसरीचं पलीकडे धाकटीपाशी. पंधरा आकडे मोजायचे, तोवर कड मऊ होते. मग दोघींनी एकदमच तारा ओढायच्या. एक हात मागेपुढे झाला, की बुडबुडा शिरलाच म्हणून समजा.

पण मोजायचं कुणी? वीस दिवस बहिणींचा अबोला होता. कारण एवढंसं, हट्टाला हट्ट लागत गेला, आणि उद्यापासून धाकटी दुसऱ्या कारखान्यात जाणार होती. माशांची ही टाकी तिची इथली शेवटची. 'राहा' हा एवढासा शब्द रोज थोरलीच्या जिभेवर येई आणि तसाच माघारी जाई.

"बाबा, तिला सांगा, लक्ष तारेवर ठेव."

"बाबा, तिला सांगा, मला डोळे आहेत."

बाबा नुकतेच दाताच्या डॉक्टरकडून आले होते. अर्धं तोंड बधिर. तरी बिचारे खाकरून मोजू लागले.

"एह... दोव... थीन..."

धाकटीने ओठ दाबले. थोरलीने छताकडे पाहिलं.

"थार... फाश..."

"बाबा, थांबा हो!" धाकटीला हसू फुटलंच. "ताई, हसू नकोस, तार हलेल! सहा!"

"हसतंय कोण? सात!"

"खांदे बघ स्वतःचे! आठ!"

हसू दातांखाली धरून दोघी एका सुरात पंधरापर्यंत पोचल्या. तारा निघाल्या. शीट आपल्याच वजनाने अलगद बसली, मांडीवर पोर टेकावं तशी.

थोरलीने टॉर्च लावला आणि सांध्यावरून वीत वीत उजेड सरकवला. आजवर ती बुडबुडा नसावा म्हणून पाहत आली होती; आज तो सापडावा म्हणून पाहत होती. सापडला, तर सांधा कापून उद्या नव्याने करणं आलं, आणि ते एकटीच्या हातचं काम नव्हे. पण मेला सांधा असा नितळ, की उजेड आरपार जाऊन भिंतीवर नाचत होता. ना धुरकट डाग, ना टाचणीएवढा ठिपका.

"आहे का गं?" धाकटीने विचारलं.

थोरली घुटमळली.

"आहे एक. बारीकसा."

धाकटी वाकली. बराच वेळ बघत राहिली. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"हो की गं."

"मग उद्या..."

"येते ना उद्या. अशी कशी पाठवायची टाकी?"

बाबा गाल धरून लगबगीने पुढे आले.

"कुठाय, बघू?"

दोघींनी एकदमच बोट दाखवलं. एकीने या टोकाला, दुसरीने त्या.